बिनचेहऱ्याची माणसे

काही वर्षांपूर्वी बोळिंजमधल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ईशस्तवन, नाट्यछटा, लेझीम असे सारे यथासांग पार पडल्यावर निवेदिकेने 'आता सादर होत आहे आदिवासी नृत्य' अशी घोषणा केली आणि चौथी-पाचवीतली बारा-पंधरा मुले रंगमंचावर धावत आली. अंगभर काळा रंग, ओठांभोवती जाड पांढरा पट्टा, गालांवर पांढरे ठिपके, कमरेला हिरव्या कागदाच्या पानांचा घागरा, डोक्याला बांधलेले पीस आणि हातात पुठ्ठ्याचा भाला. ध्वनिक्षेपकावर 'झिंगालाला' या एका शब्दाभोवती फिरणारे काहीतरी वाजू लागले. मुले भाले उंचावून उड्या मारत होती, मध्ये बांधून ठेवलेल्या 'शहरी' मुलाभोवती फेर धरत होती. पालकांचे मोबाइल वर गेले. मुले गोड दिसत होती यात शंका नाही. मीही गुण दिले. किती दिले ते येथे सांगत नाही.

मंडपाच्या मागे शाळेची कुंपणभिंत होती. तिच्यावर गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी वारली चित्रे काढलेली होती: झोपडी, ताडाचे झाड, बैलांची जोडी आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांचा फेर. एकाच आवारात आदिवासी माणसाच्या दोन प्रतिमा पाठीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख असल्याचे कोणतेही चिन्ह नव्हते. हे घडत होते पालघर जिल्ह्यात. विरारहून डहाणूची लोकल पकडली तर दीड तासात वारल्यांच्या मुलखात पोचता येते. इतके लांब जायचीही गरज नाही, वसई तालुक्यातच डोंगराच्या कडेकडेने पाडे आहेत. त्या पाड्यांवर कोणी अंगाला काळे फासून आणि ओठांभोवती पांढरा पट्टा ओढून नाचल्याचे कोणाच्याही पाहण्यात नाही. मग तो पट्टा आला कोठून?

त्याचा माग काढत गेले की आपण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन रंगभूमीवर जाऊन पोचतो. १८३०च्या सुमारास थॉमस राइस या गोऱ्या नटाने बूच जाळून केलेली काजळी तोंडाला फासली आणि 'जिम क्रो' नावाच्या काळ्या माणसाचे सोंग आणले. त्यातून 'मिन्स्ट्रेल शो' नावाचा प्रकार उभा राहिला आणि पुढची अनेक दशके तो अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय करमणुकींपैकी एक होता. काळा चेहरा, पांढरे किंवा लाल रंगवून फुगवलेले ओठ, वटारलेले डोळे, हातांत पांढरे मोजे. गुलामगिरीत पिचणाऱ्या माणसांना मुळात नाचगाण्याखेरीज दुसरी इच्छाच नसते, असे हे सोंग प्रेक्षकांना रोज रात्री पटवून देत असे.

चित्रपटाचा जन्म झाला तेव्हा हे सोंग रंगभूमीवर जिवंत होते, आणि कार्टूनपट तर रंगभूमीच्याच कुशीत जन्मले. फळ्यावर खडूने झरझर चित्र काढून त्याचे रूप पालटवणारे कलावंत तेव्हा नाट्यगृहांतून प्रयोग करीत. जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन हा त्यांपैकीच एक. त्याचा १९०६चा 'ह्यूमरस फेझेस ऑफ फनी फेसेस' हा छोटा पट अ‍ॅनिमेशनच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर असतो. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, त्याने 'लाइटनिंग स्केचेस' हा पट केला. त्यात काळ्या माणसासाठी वापरली जाणारी एक शिवी आणि एक ज्यू आडनाव असे दोन शब्द लिहिलेले दिसतात आणि त्यांच्याच अक्षरांतून त्या त्या वंशाच्या माणसाचे विद्रूप तोंड तयार होते. या दृश्यापाशी साहित्याच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. शब्दातूनच चेहरा निघतो, शिवी हाच रेखाटनाचा आराखडा असतो. साचेबंद प्रतिमा कशी तयार होते यावर आपण वर्गात तासन् तास बोलतो. ब्लॅक्टनने ते काही क्षणांत, आणि अगदी निर्व्याजपणे, करून दाखवले आहे.

टोरांटो विद्यापीठातील अभ्यासक निकोलस सॅमंड यांचे 'बर्थ ऑफ अ‍ॅन इंडस्ट्री' हे पुस्तक २०१५ मध्ये आले. त्यांचा युक्तिवाद असा की सुरुवातीच्या कार्टूनपात्रांवर मिन्स्ट्रेलचा केवळ प्रभाव होता असे म्हणणे अपुरे आहे. ती पात्रे हीच मिन्स्ट्रेल होती. फेलिक्स मांजर किंवा मिकी उंदीर यांची काळी अंगे, मोठाले डोळे, रुंद तोंडे आणि मिकीचे पांढरे हातमोजे आठवून पाहावेत. याला तांत्रिक कारणेही होती. काळ्या अंगावर काळा हात आला तर तो दिसत नाही, म्हणून मोजा पांढरा. गोल आकार भरभर काढता येतात, म्हणून अंग गोल. पण तांत्रिक अडचणीवरचा उपाय शोधताना हाताला जे आयते मिळाले ते मिन्स्ट्रेलच्या पेटाऱ्यातले होते. 'स्टीमबोट विली'मध्ये (१९२८) मिकी जी धून वाजवतो तीसुद्धा त्या रंगभूमीवर रुळलेली. १९३० मध्ये पडद्यावर आलेला बॉस्को तर उघडउघड काळ्या मुलाचे व्यंगचित्र होता. पुढे रंग आले, संगीत आले, आणि बॉब क्लॅम्पेट यांचा 'कोल ब्लॅक अँड द सेबेन ड्वार्फ्स' (१९४३) यासारखे पट निघाले, ज्यांत चित्रकाराचे कौशल्य थक्क करणारे आहे आणि त्या कौशल्याने काढलेले ओठ पाहवत नाहीत. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने अशा पटांविरुद्ध त्याच दशकात आवाज उठवला होता. तरी अकरा पट वितरणातून कायमचे बाजूला काढायला १९६८ साल उजाडावे लागले.

आपल्या पिढीला यातले काय दिसले? 'टॉम अँड जेरी' दिसले. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली आणि उंदीर-मांजराच्या त्या मारामारीत आपण सगळे रमलो. त्यात अधूनमधून एक जाडजूड बाई येई. पायात सपाता, पायमोजे, कमरेला एप्रन, हातात झाडू. टॉमला झोडपून ती निघून जाई. १९४० ते १९५२ या काळातल्या पटांत ती आहे. लिलियन रँडॉल्फ या काळ्या अभिनेत्रीने तिला आवाज दिला होता. ही त्या घरातली काळी मोलकरीण, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आले होते? माझ्या तरी आले नव्हते. आणि तिचा चेहरा कसा होता? तो जवळजवळ कधीच दाखवला गेला नाही. चौकट तिच्या मानेखाली संपते. उंदराला चेहरा आहे, मांजराला आहे, कुत्र्यालाही आहे. बाईला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मिन्स्ट्रेलचा पांढरा ओठ अमेरिकेतून निघून थेट बोळिंजच्या शाळेत उतरला असे कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही. वाटेतले काही थांबे मात्र ओळखता येतात. हे सोंग भारतात कार्टूनपटांच्या कितीतरी आधी आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेव्ह कार्सन नावाचा नट आपल्या मिन्स्ट्रेल मंडळीसह मुंबई-कलकत्त्याला प्रयोग करीत असे. येथे आल्यावर त्याने सोंगात भर घातली: काळ्या गुलामाच्या जोडीला 'बंगाली बाबू' आणला. आपले मोडके इंग्रजी, आपले धोतर, आपली लाचारी. साहेब हसले. १८७३ मध्ये अर्धेंदुशेखर मुस्तफी या बंगाली नटाने याला रंगभूमीवरूनच उत्तर दिले. कार्सनच्या 'पक्क्या तमाशा'ला जबाब म्हणून 'मुस्तफी साहेब का पक्का तमाशा' उभा राहिला आणि या खेपेला सोंग होते ते साहेबाचे. ज्या हत्याराने वार झाला तेच उचलून उलटवण्याचा हा आपल्याकडचा फार जुना दाखला आहे, आणि त्यातली मौज अजून ओसरलेली नाही. पण मुस्तफींनी साहेबाचे सोंग आणले. त्या रंगमंचावर आधीपासून उभ्या असलेल्या काजळी फासलेल्या काळ्या माणसाचे काय, हा प्रश्न बाबूंना पडल्याचे दिसत नाही. आपल्यावर हसले की आपल्याला कळते. आपल्याशेजारच्यावर हसले तर आपण परीक्षक होऊन गुण देतो.

हसण्याची ही उतरंड आमच्या भागात चांगली पाहता येते. बोळिंज आणि आसपासच्या गावांतली सामवेदी बोली बोलणारी जुनी माणसे मुंबईत गेली की त्यांच्या बोलीची नक्कल होई आणि ती त्यांना झोंबे. त्याच घरातली मुले संमेलनात भाला घेऊन नाचतात. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांनी 'द सिम्प्सन्स' मधल्या अपू या दुकानदारावरून शाळेत टोमणे ऐकले. हे पात्र १९९० पासून पडद्यावर होते आणि त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा होता. हरी कोंडाबोलू यांनी त्यावर २०१७ मध्ये माहितीपट केला, आणि अझारियाने २०२० मध्ये तो आवाज देणे सोडले. भारतीयांना तेव्हा ही गोष्ट पुरेपूर समजली. समज तेवढीच लांब जाते, हे खरे.

हिंदी चित्रपटांतला 'जंगली' हा दुसरा थांबा. 'शालिमार' (१९७८) मधले ते प्रसिद्ध गाणे आठवावे; प्रेमभंगाची तक्रार नायकाच्या तोंडी आणि मागे निरर्थक अक्षरे ओरडणारे वनवासी. पुढे ती अक्षरे जाहिरातींनी उचलली आणि 'झिंगालाला' हा शब्द मजा या अर्थाने रुळला. येथे एक भाषिक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. वारली, कातकरी, कोकणा, ठाकर या प्रत्येकाला बोली आहे, गाणी आहेत, लग्नात तासन् तास गायल्या जाणाऱ्या कथा आहेत. आणि आपण त्यांच्या तोंडी दिली ती अर्थ नसलेली अक्षरे. ज्याला भाषा नाही त्याच्याशी बोलावे लागत नाही.

तिसरा थांबा घरातलाच. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'वर आमची पिढी वाढली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकारांचा हात त्या पुस्तकांना लाभला होता, आणि तो हात थोर होता. त्यांत देव आणि नायक गोरे किंवा निळे आणि असुर काळेसावळे, जाड ओठांचे, दात विचकणारे, हे नंदिनी चंद्रा आणि कार्लिन मॅक्लेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी सविस्तर दाखवून दिले आहे. आम्हाला ते दाखवायची गरज पडली नव्हती; असुर तसाच असतो हे आम्हाला ठाऊकच होते. चेहरा पाहिल्याबरोबर पात्राची किंमत कळली पाहिजे, हा कार्टूनपटांचा नियम येथेही चालू होता.

जाता जाता फाळक्यांची आठवण करतो. दादासाहेब जादूचे प्रयोगही करीत आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले होते. म्हणजे ब्लॅक्टनप्रमाणे तेही रंगमंचावरून चलच्चित्राकडे आलेले. १९१५च्या सुमाराचा त्यांचा 'अगकाड्यांची मौज' हा छोटा पट आज उपलब्ध नाही. त्यात काड्यापेटीतल्या काड्या स्वतःहून हलत, निरनिराळे आकार घेत. आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनचा आरंभ चेहऱ्याच्या व्यंगाने न होता बिनचेहऱ्याच्या काड्यांनी झाला, हा योगायोगच. पण त्या काड्यांवरून मला थेट भिंतीवरच्या वारली माणसांकडे जाता येते.

वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोळा, आणि काड्यांसारखे हातपाय. स्त्री असेल तर गोळ्याला अंबाडा. बस्स. नाक नाही, डोळे नाहीत, आणि मुख्य म्हणजे ओठ नाहीत. शेणमातीने सारवून गेरू दिलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्यावर हे चित्र उभे राहते. मूळचे ते लग्नाचे. लग्नघरात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात (वारली बाया चित्र काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात), मध्ये पालघट देवी, आणि धवलेरी गाते. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

आता याच लग्नाची दुसरी बाजू. स्वातंत्र्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरात, लग्नासाठी सावकाराकडून काढलेले थोडेसे कर्ज फेडण्यासाठी वारली तरुण जमीनदाराकडे राबायला राही आणि ते कर्ज कधीच फिटत नसे. नवऱ्याबरोबर नवरीही राबे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. सायमिंग्टन यांच्या सरकारी अहवालात या पद्धतीची नोंद आहे आणि गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात तिची सारी यातना आहे. ज्या भिंतीवर चौक लिहिला गेला त्याच घरातला नवरा दुसऱ्या दिवसापासून गुलाम झाला, हे त्या पांढऱ्या रेषांकडे पाहताना आपल्याला सुचत नाही. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान सभेच्या परिषदेला काही वारली गेले, मे महिन्यात झरी गावी सभा झाली, वेठबिगारी आणि लग्नगडी बंद असे ठरले आणि ते अमलात आणले गेले. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाच जण मेले. परुळेकरांच्या शीर्षकातला 'माणूस' हा शब्द मला म्हणूनच साधा वाटत नाही. आधी तो कोणाच्या लेखी माणूस नव्हता. १८८२च्या ठाणे गॅझेटिअरात एकेका जातिजमातीला एकेक परिच्छेद आहे: रंग, बांधा, पेहराव, स्वभाव, व्यसन. तेही एक प्रकारचे झटपट रेखाटनच. गंमत अशी की बोळिंजजवळच्या सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला तो त्याच वर्षी. म्हणजे जमिनीखालचे लोक साहेबांना त्या साली फार बारकाईने पाहावेसे वाटले आणि जमिनीवरचे एका परिच्छेदात आटोपले.

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार डहाणू भागात आले. त्याआधी पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून ते दुष्काळात बिहारच्या मधुबनीला गेले होते आणि तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला होता. येथेही कागद आला. जिव्या सोमा मशे यांनी तो हाती घेतला. १९३४ साली जन्मलेला हा माणूस लहानपणी आई गेल्यावर बोलेनासा झाला होता आणि काडीने धुळीत रेघा ओढून सांगायचे ते सांगत असे, असे सांगितले जाते. तो लग्नाशिवायही, मनात येईल तेव्हा, चित्रे काढू लागला. मासेमारीचे जाळे, मुंग्यांची वारुळे, भाताची मळणी, आगगाडी. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या बरोबरीने त्यांचे प्रदर्शन लागले, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. मुलखाबाहेरच्या डोळ्यांना वारली माणसाने स्वतःच काढलेला वारली माणूस दिसला, तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

मशे यांच्या तारपानृत्याच्या चित्रांकडे एकदा अ‍ॅनिमेशनच्या दृष्टीने पाहावे. मध्ये तारपा वाजवणारा, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून चाललेल्या नाचणाऱ्यांची साखळी गोगलगाईच्या शंखासारखी आत वळत गेलेली. कोणाचा गुडघा किंचित वाकलेला, कोणाचा अधिक, कोणाचे पाऊल उचललेले, कोणाचे टेकलेले. ती अनेक माणसे आहेत आणि तरी डोळा त्या साखळीवरून फिरवला की एकच पाऊल उचलून टेकल्याचा भास होतो. १८३२च्या सुमारास युरोपात 'फेनाकिस्टिस्कोप' नावाची तबकडी निघाली. तिच्या कडेने एकाच माणसाची किंचित बदलत जाणारी चित्रे गोलाकार काढलेली असत आणि ती फिरवली की माणूस नाचू लागे. कार्टूनपटाची ती आजी. तबकडीवर एकच माणूस अनेकदा असतो, तारप्याच्या फेरात अनेक माणसे एकदाच असतात. (हे वाचून वारल्यांनी अ‍ॅनिमेशनचा शोध लावला असे कोणी म्हणू लागू नये. तसली वाक्ये आपल्याकडे फार चटकन तयार होतात.) मुद्दा इतकाच की ही रेषा अनुभव, वय, थकवा, आनंद हे सारे शरीराच्या कलातून सांगते. चेहऱ्यावर तिची भिस्त नाही. आणि वांशिक व्यंगाची सारी मिजास तर चेहऱ्यावर चालते! ओठ फुगवायला आधी ओठ लागतात.

येथे एक शंका रास्त आहे. 'टॉम अँड जेरी'मधल्या बाईलाही चेहरा नव्हता. मग बिनचेहऱ्याचे असणे हा मान कधी आणि अपमान कधी? मला वाटते, इतरांना चेहरे असताना एकीचा कापला तर ती मोलकरीण उरते. वारली चित्रात चेहरा कोणालाच नाही. सावकारालाही नाही, नवऱ्यालाही नाही. सावकार ओळखायचा तर तो टोपीवरून, काठीवरून, कोण बसले आहे आणि कोण वाकले आहे यावरून. म्हणजे माणसाची जात नाकावरून वाचण्याची सोय हे चित्र देत नाही. त्याने काय केले ते पाहावे लागते.

पण या रेषेचाही साचा झालाच. २०१० मध्ये एका शीतपेयाच्या दिवाळीच्या जाहिरातमोहिमेत वारली शैली आली. मग साड्या, पेले, उशांचे अभ्रे, विमानतळ आणि आमच्या बोळिंजच्या कुंपणभिंती. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाल्यापासून तर हे चित्र जिल्ह्याचे बोधचिन्ह असल्यासारखे जिकडेतिकडे दिसते. त्रिकोण कोणालाही काढता येतात. वारलीपण सोपे झाले. आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते: भिंतीवरून कागदावर येताना हे चित्र बायकांच्या हातून बऱ्याच अंशी पुरुषांच्या हाती गेले. मशे यांचे श्रेय कमी न करता हे म्हटले पाहिजे. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

मग आपली प्रतिमा परत मिळवणे म्हणजे काय? कारा वॉकर या काळ्या अमेरिकन चित्रकर्तीने २००५ मध्ये एक छायाबाहुल्यांचा चित्रपट केला. त्यात तिने मिन्स्ट्रेलचे तेच ओठ, तेच नितंब, तीच सोंगे काळ्या कागदातून कातरली आणि त्यांना गुलामगिरीचा इतिहास करायला लावला. पाहताना हसू येत नाही, आणि कधी काळी आले होते याची लाज वाटते. हा मुस्तफींचा मार्ग, पण अधिक निष्ठुर. दुसरा मार्ग आपल्या जवळचा आहे. २०११ मध्ये 'भीमायन' हे चित्रपुस्तक आले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. १९०१ मध्ये मसूर स्थानकावर खोळंबलेली मुले, १९२९चा चाळीसगावचा टांगा, १९३४चे दौलताबादचे पाणी: हे सारे प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक आहेत. पण व्याम दांपत्याने पात्रांना चौकटींत कोंबायला नकार दिला. आमची कला खुल्ली असते, चौकटीत माणूस गुदमरतो, असे त्यांचे म्हणणे. पाने वाहत्या आकारांनी विभागली. सौम्य बोलणे पाखराच्या आकाराच्या फुग्यात, विखारी बोलणे विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. विष कोणाच्या चेहऱ्यात नाही, शब्दात आहे, हे त्यांनी व्याकरणातच बसवून टाकले. ब्लॅक्टनच्या शिवीतून तोंड निघत होते. येथे शिवीला स्वतःलाच नांगी आली.

पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, शंकर यांच्या १९४९च्या एका व्यंगचित्रावरून वादळ उठले. घटनेच्या गोगलगाईवर बाबासाहेब बसलेले, मागे नेहरू, दोघांच्याही हाती चाबूक. अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या या चित्रावरून संसदेत गदारोळ झाला, सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयावर हल्ला झाला. हल्ल्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्या वेळी आपल्या वर्तुळात जे लिहिले गेले त्यात 'विनोदबुद्धी नाही' हा सूर फार मोठा होता, आणि मीही तो लावला होता. मग पुढे उन्नमती श्याम सुंदर यांनी 'नो लाफिंग मॅटर' या पुस्तकात १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वर्तमानपत्रांत छापून आलेली आंबेडकरांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे एकत्र मांडली. एकेक चित्र सुटे पाहिले तर टीका वाटते. ओळीने पाहिली की ती तबकडीसारखी फिरू लागतात: तोच बुटका, रुसलेला, कधी बायकी पोशाखातला, कधी मूल केलेला माणूस, सोळा वर्षे. फिरवल्याशिवाय ते हलते चित्र दिसत नव्हते. श्याम सुंदर स्वतः व्यंगचित्रकार आहेत, हे येथे महत्त्वाचे.

गेल्या वर्षी वर्गात वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता शिकवत होतो. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच व्यासपीठावरून सांगणाऱ्यांविषयीची ती कविता बहुतेक वाचकांना परिचित असेल. ओघात मी त्या संमेलनाची आणि कुंपणभिंतीची गोष्ट सांगितली, आणि माझ्याकडे असलेले भिंतीचे छायाचित्र दाखवले. नृत्यापेक्षा भिंत बरी, असे माझे म्हणणे होते. डहाणूकडून येणारा एक विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसतो आणि सहसा बोलत नाही. तो छायाचित्र पाहून म्हणाला, "सर, हा फेर बंद केलाय." मला कळले नाही. त्याने फळ्याशी येऊन खडूने शंखासारखी वळणारी रेघ काढली आणि बाहेरच्या टोकाला बोट ठेवले. "इथे मोकळे ठेवायचे असते. मागून येणारा इथे हात धरतो."

संध्याकाळी घरी जाताना मी मुद्दाम त्या शाळेवरून गेलो. रंगाऱ्याने अगदी नेटका, कंपासने काढल्यासारखा गोल केला आहे. शेवटच्या माणसाचा हात पहिल्याच्या कमरेत नेऊन जोडला आहे.